माझ्या शिव्यांवर खपलेल्या गाड्या

आमच्या अंगणात तुळस होती, पण रस्त्यावरून ती कधी कोणाला दिसली नाही. तिच्यापुढे कायम एखादी मोटार उभी असायची. कधी बॉनेट उघडं, कधी चाकं काढून विटांवर टेकवलेली, कधी पुढून काळी आणि मागून हिरवी. डहाणू रोड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. नवरा रेल्वेत बुकिंग क्लार्क, मी शाळेत मास्तरीण. दोन पगारांचं घर, सभ्य माणसं, असं गाव आम्हाला समजत होतं, आणि त्या सभ्यपणाच्या आडोशाला माझे थोरले दीर जुन्या मोटारींचा धंदा करत होते. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले त्याच्या थोडी आधीची ही गोष्ट. आता दीर गेले, नवराही गेला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे! मी बोलणार.

भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. भावाची बायको दोन वेळा रांधून घालत असताना लग्नाचा खर्च कोण करतो! मुंबईत काही वर्षं कुणा शेटजींची गाडी चालवली, तिथून काढून टाकल्यावर डहाणूला आले आणि आमच्या पडवीत खाट टाकली ती टाकलीच. गवत घेऊन मुंबईला गेलेले ट्रक रिकामे परत यायचे. त्यातल्या एखाद्याला दोर बांधून भाऊजी एक मढं ओढत आणायचे. मुंबईत जी गाडी भंगारवालाही नाक मुरडून घेईल, ती आमच्या अंगणात यायची. मग रॉकेलचा बोळा फिरवून तिला चमकवायची, टायरांना खोबरेल चोपडायचं, सीटवर माझीच जुनी चादर शिवून घालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, "एकहाती गाडी आहे, डॉक्टरची. फक्त रविवारी देवळात जायचे."

असे किती डॉक्टर आणि किती देवळं! भाऊजी गुजरातीत गोड खोटं बोलायचे, हिंदीत मोठ्यानं खोटं बोलायचे, आणि मराठीत फक्त मला टोचायचे.

सगळ्यात जास्त मी चिडायचे ती भुशावरून. तेव्हा आमच्याकडे भुशाची शेगडी होती. लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा आणायचा, शेगडीत ठासून भरायचा, की एका भरणीत सकाळचा स्वयंपाक निघायचा. पण पोतं दर वेळी अर्ध्या महिन्यात तळाला जायचं. शेवटी एकदा मी शाळेतून लवकर आले तर काय, भाऊजी माझ्या तपेल्यात ऑइल आणि भुसा कालवत बसलेले. गाडीच्या गिअरचे दाते झिजले की ती जात्यासारखी घरघरते. त्यात हा भुशाचा काला भरला की आवाज बसतो. आठ-पंधरा दिवस गाडी मुकी राहते, आणि तेवढ्यात ती दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. म्हणजे माझ्या शेगडीचा भुसा लोकांच्या संसाराच्या मुळावर!

"भाऊजी, हे पाप आहे," मी म्हटलं.

"मास्तरीणबाई, हे औषध आहे," ते म्हणाले. "आणि तुमच्या आमटीपेक्षा जास्त लागू पडतं."

तपेलं मी त्यांच्यासमोर अंगणात भिरकावलं. ते हसले. मी चिडले की हा माणूस हसायचा, हे तेव्हा मला नुसतं किळसवाणं वाटायचं.

गिऱ्हाईक यायचा दिवस म्हणजे बहुतेक रविवार, आणि रविवारी सकाळपासून भाऊजींच्या अंगात यायचं. माझ्या वाळत घातलेल्या पापडांवरून जॅक ओढत न्यायचे. कपड्यांच्या दोरीवर ट्यूब लटकवायचे. तुळशीच्या कट्ट्यावर बॅटरी ठेवायचे. ग्रीसनं बरबटलेले हात थेट पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात बुडवायचे, आणि वर म्हणायचे, "अरेरे, दिसलंच नाही." मी आधीच नाकावर राग असलेली बाई. तळपायाची आग मस्तकात जायची, आणि नेमकं तेव्हाच फाटकात गिऱ्हाईक उभं असायचं. एवढा योगायोग दर रविवारी कसा होतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी शाळेत मुलांना गणित शिकवायचे, पण घरातलं गणित मांडायला रागातून सवड मिळेल तर ना.

पहिल्यांदा मी गिऱ्हाइकासमोर तोंड सोडलं ते नरपडच्या एका वाडीवाल्यासमोर. चिकूची मोठी वाडी असलेला, धोतर-कोट घातलेला भला माणूस होता. भाऊजींनी त्या सकाळी हंड्याचा तोच प्रकार केला होता. मी तो काळा झालेला हंडा उचलून तशीच बाहेर आले आणि सगळं पाणी गाडीच्या टपावर ओतलं.

"घाला आता याच पाण्यानं आंघोळ तुमच्या या खटाऱ्याला!" मी ओरडले. मग वाडीवाल्याकडे वळले. "आणि अहो, तुम्ही चांगल्या घरचे दिसता. ही गाडी नेऊ नका. तिच्यात काही राम नाही. अर्ध्या वाटेत बसेल, आणि बैल लावून ओढत न्यावी लागेल. नेऊ नका, सांगून ठेवते!"

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग गाडीकडे बघितलं, मग स्वतःशीच मान हलवली. मला वाटलं, चला, एक जीव वाचला. तासाभरानं तोच माणूस त्याच गाडीत बसून फाटकाबाहेर पडत होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर दोनदा तसंच झालं. एकदा बोर्डीचा एक कंत्राटदार, एकदा तलासरीचा एक दुकानदार. दोघांनाही मी बोंबलून सांगितलं, दोघांनीही गाडी नेली. पालथ्या घड्यावर पाणी! मला वाटायला लागलं, बाईमाणसाचं ऐकायचं नाही अशी या मुलखातल्या पुरुषांनी शपथच घेतली असावी. नवऱ्याला मी रात्री जेवताना सांगायचे, तो पानातली मिरची बाजूला काढत "हं" म्हणायचा. माझा नवरा म्हणजे शांत माणूस. खिडकीपलीकडचं माणूस कितीही शिव्या देवो, हा तिकिटावर ठप्पा मारून पुढे सरकवणार. मला तेव्हा तो त्याचा गुण वाटायचा.

मग बाजारात तो नरपडचा वाडीवाला भेटला. मी भाजी घेत होते. मला बघून तो सरळ चालून आला. तोंड लाल झालेलं.

"बाई, नाटक कंपनीत जा तुम्ही," तो म्हणाला. "नाव काढाल. गाडी वाडीच्या बांधावर पडलीय, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात."

"अहो, पण मी तर नेऊ नका म्हटलं होतं!"

"म्हणून तर घेतली!"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. तो माणूस रागात होता, पण त्यानं बोलता बोलता जे सांगितलं ते मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. मी घाटावरची, लग्न होऊन इकडे आलेली. मला इकडचा बैलबाजार काय ठाऊक! इकडे कोणाच्या दारात बैल घ्यायला गेलं की दात, खूर, वशिंड सगळं बघतात, पण शेवटी बघतात ते घरच्या बाईचं तोंड. बैल चांगला असेल तर ती बाई आडवी येते. नेऊ नका म्हणते, मारका आहे म्हणते, लंगडतो म्हणते, घेणाऱ्याला दोन शिव्या घालते, रडते. तिचं रडणं म्हणजे बैलाच्या चांगुलपणाची खूण. आणि दावं सोडताना बाई गप्प राहिली, किंवा हसून बोलली, तर घेणारा तिथूनच मागे फिरतो. घरच्या बाईला नकोसं झालेलं जनावर कोण नेणार?

"तुम्ही एवढा आकांत केलात, पाणी ओतलंत," वाडीवाला म्हणाला. "मला वाटलं, बाईचा जीव आहे गाडीवर. मी म्हटलं, माल खरा आहे."

मी तिथून घरी कशी आले मला आठवत नाही. भाऊजी पडवीत विडी ओढत बसले होते. मी पिशवी त्यांच्या खाटेवर आपटली.

"भाऊजी, तुम्ही मला मुद्दाम चिडवता? गिऱ्हाईक आलं की?"

त्यांनी विडीचा झुरका घेतला. नाही म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"मास्तरीणबाई, देवानं तुम्हाला जीभ दिली आणि मला धंदा. दोन्ही एका घरात आलं याला नशीब लागतं."

"लाज वाटत नाही?"

"मी कुठं काय खोटं बोललो? तुम्हीच बोलता. आणि खरंच बोलता की!" आणि पोट धरून हसले.

चोर तो चोर, वर शिरजोर! त्या दिवशी मला जो राग आला तो आधीच्या कुठल्याच रागासारखा नव्हता. आधीच्या रागात निदान बरं वाटायचं, ओरडलं की छाती मोकळी व्हायची. आता ओरडायचीही चोरी झाली. माझा राग माझा राहिला नव्हता, या माणसानं तो आमच्या भुशासारखा कालवून गाड्यांत भरला होता. मी ठरवलं, यापुढे मिठाची गुळणी. पापडांवरून ट्रक गेला तरी तोंड उघडायचं नाही.

आणि खरंच गप्प राहिले. दात-ओठ खात, पण गप्प. भाऊजींनी सगळे उपाय केले. माझी शाळेत नेण्याची छत्री गाडीखाली अंथरून तिच्यावर झोपले. माझ्या माहेरच्या माणसांचा उद्धार केला. मी वह्या तपासत बसायचे. तीन-चार गिऱ्हाइकं आली आणि गेली. काळी चार दारांची एक विलायती गाडी अंगणात तशीच उभी राहिली, आणि भाऊजींचं तोंड दिवसेंदिवस कडू होत गेलं. मला ते बघून जेवण गोड लागायचं, खोटं कशाला सांगू.

मग तलासरीपलीकडच्या उधव्याचा गाडीवान आला.

हा माणूस बैलगाडी हाकायचा. तलासरीच्या मोठ्या रस्त्यावरून आतल्या पाड्यांवर माणसं, गवत, कौलं, जे मिळेल ते न्यायचा, आणि पावसाळ्यात त्याच जोडीनं स्वतःचं शेत नांगरायचा. महालक्ष्मीच्या जत्रेत त्यानं लोकांना ट्रकमध्ये कोंबून नेताना बघितलं आणि त्याच्या डोक्यात मोटारीचं खूळ शिरलं. त्याचा मेहुणा कुणा कंत्राटदाराच्या ट्रकवर गाडी शिकला होता, तो चालवणार, हा माणसं गोळा करणार. अशी माणसं भाऊजींना वासानं कळायची. ते उधव्याला जाऊन त्याची बैलजोडी बघून आले होते, आणि गवताच्या वखारवाल्याशी त्या जोडीचा सौदाही आधीच करून बसले होते. गाडीच्या बदल्यात बैल. सरळ अदलाबदल.

"आणि पेरणीला काय करेल तो?" मी नवऱ्याला विचारलं. पेरणी तोंडावर आली होती.

"मोटारीच्या कमाईतून दुसऱ्याचे बैल भाड्यानं घेईल, असं दादा म्हणाला," नवरा म्हणाला.

"मोटारीची कमाई! त्या गाडीच्या पोटात माझं अर्धं पोतं भुसा आहे! ती पंधरा दिवस चालली तर मी नाव बदलीन. मग काय करेल तो? बायको-पोरांना नांगराला जुंपेल?"

"हं," नवरा म्हणाला.

त्या रविवारी गाडीवान आणि त्याचा मेहुणा एस.टी.नं आले. गाडीवान उंच, काळा, अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल. मेहुणा तरणा, केसांना तेल लावून भांग पाडलेला, आल्याआल्या स्टिअरिंगवरून हात फिरवायला लागला. भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांनी सकाळीच माझ्या पूजेच्या तांब्यानं रेडिएटरमध्ये पाणी घातलं होतं. मी बोललेच नव्हते. पण आता नुसतं गप्प राहून भागणार नाही हे मला दिसत होतं. मेहुण्याला गाडीत बसल्यावर उतरावंसंच वाटत नव्हतं. मी गप्प राहिले तरी तो हट्ट करून गाडी घ्यायला लावणार. तेव्हा मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मी केस नीट केले, कपबशीत चहा घेतला, आणि तोंडभर हसत बाहेर गेले.

"या, बसा हो," मी म्हटलं. "चहा घ्या. गाडी फार गुणाची आहे बरं का! लक्ष्मी आहे लक्ष्मी! न्या तुम्ही. उद्या कशाला, आत्ताच न्या. आम्हाला काय, घरात जागा तरी होईल!"

भाऊजींची विडी ओठांवरच राहिली. गाडीवानानं बशी तोंडाशी नेली होती, ती तशीच खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी आणखी हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

"बाय," तो म्हणाला, "एवढी चांगली हाय, तर तुला काय नको झाली?"

"छे, छे! नको कशाला होईल? तुमचं भलं व्हावं म्हणून म्हणते!"

आमच्या तालुक्यात खेड्यातला माणूस अहो-जाहो करत नाही, त्यात अपमान नसतो. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यात मात्र पुरता संशय होता. त्यानं मेहुण्याला गाडीतून दंड धरून उतरवलं. "चल," म्हणाला. "बैल आपलं बरं." आणि दोघं फाटकाबाहेर पडले. चहा तसाच राहिला. तो मी स्वतः प्यायले, भाऊजींच्या डोळ्यांदेखत, फुर्र फुर्र आवाज करत.

भाऊजी भडकले. इतकी वर्षं मी भडकायचे आणि ते हसायचे, आता पहिल्यांदा उलटं झालं. "घरात साप पाळला मी!" म्हणाले. मी म्हटलं, "पाळला कोणी कोणाला? खाट आमची, भात आमचा." ते नवऱ्याकडे वळले. "अरे, तुझी बायको घरावर उठलीय. काही बोलणार आहेस की नाही?" नवरा बूट काढत होता. काही बोलला नाही. मला वाटलं, माझ्या बाजूनं गप्प आहे. संसारात बाईनं नवऱ्याच्या गप्प राहण्यावर कधी विसंबू नये, हे मी आता कोणत्याही मुलीला सांगेन, पण तेव्हा मला कोण सांगणार होतं?

त्या आठवड्यात नवऱ्याची सुट्टी होती तेव्हा तो म्हणाला, झाईला जाऊन येतो, एका मित्राकडे लग्नाचं बोलणं आहे. मी डबा करून दिला. दोन चपात्या जास्त घातल्या.

पुढच्या रविवारी सकाळी मी दारात रांगोळीचा कणा काढत होते. मान वर केली तर रस्त्यानं बैल येत होते. पांढरी स्वच्छ जोडी, शिंगांना तेल, कपाळावर कुंकू. पुढे गाडीवान दावं धरून, मागे मेहुणा. उधव्याहून आदल्या दिवशी निघून चालत आले होते, वाटेत कुठल्या तरी पाड्यावर मुक्काम करून. माझ्या हातातली रांगोळी सांडली.

"अहो, तुम्ही कशाला आलात?" मी म्हटलं. हसायचंही विसरले.

"गाडी न्यायला," तो म्हणाला. "तुजा नवरा आलेला घरी."

"कोण?"

"तुजा नवरा. एस.टी.नं आला. बोलला, बायकोला गाडी नको झाली, म्हणून ती गोड बोलली. पण माजा जीव हाय गाडीवर, माजा भाऊ जबरदस्तीनं विकतोय, तुमी घेऊ नका." गाडीवानानं छातीला हात लावला. "डोल्यांत पाणी आलं त्याच्या. पुरुसमाणूस असा रडताना मी नाय बघितला. तवा मी ठरवलं, गाडी चांगली हाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो ओटीवर उभा होता, दाढीचा साबण तोंडाला तसाच. बापाच्या तेराव्याला ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, मुलगी जन्मून आठव्या दिवशी गेली तेव्हा जो दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला, तो माणूस एस.टी.त बसून उधव्यापर्यंत जाऊन रडून आला होता! माझ्या डब्यातल्या चपात्या खाऊन!

"का?" मी विचारलं.

"दादा म्हणाला," तो म्हणाला.

बस. एवढंच. घरात दोन बैल यायचे होते म्हणून नाही, काही मिळायचं होतं म्हणून नाही. दादा म्हणाला. म्हणजे याला सगळं माहीत होतं. पापडांवरून जॅक का जातो, हंड्यात हात का बुडतात, सगळं. वर्षानुवर्षं मी रात्री पानावर बसून याला सांगत होते, आणि हा मिरची बाजूला काढत होता.

तेवढ्यात भाऊजींनी गाडीची किल्ली मेहुण्याच्या हातात दिली, आणि माझी सगळी गणितं कोसळली. हसायचं, गप्प राहायचं, काही काही लक्षात राहिलं नाही. मी धावत आत गेले, भुशाचं पोतं फरफटत आणलं आणि अंगणात उपडं केलं.

"हे बघा! हा भुसा आहे हिच्या पोटात! गिअर संपलेत हिचे! हे दोघे भाऊ चोर आहेत, हा माझा नवरासुद्धा चोर आहे! नका नेऊ हो, तुमच्या पाया पडते, बैल घेऊन घरी जा! पेरणी कशानं कराल?"

मेहुणा खिडकीतून हसला. "बाय, भुशावर कुठं गाडी चालते? पेट्रोलवर चालते." आणि त्यानं गाडी सुरू केली. गाडी आवाज काढणार कशी, भुसा होता ना! पोटात सगळं गुपचूप.

मी गाडीपुढे आडवी झाले. भाऊजींनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. थोरल्या दिरानं भावजयीच्या अंगाला हात लावायची आमच्या घरात रीत नव्हती. मी त्यांचा हात झिडकारला, आणि मग मला रडू फुटलं. मी रडणारी बाई नाही. पण त्या दिवशी भर अंगणात, भुशात बसून, मी मोठ्यानं गळा काढून रडले. रागानं रडले. नवऱ्याकडे बघून रडले. तोंडात येतील त्या शिव्या देत रडले, मास्तरीण असून.

ती गाडी तलासरीच्या अलीकडेच बसली आणि परत उठली नाही, हे मला चार दिवसांनी कळलं. तेव्हा बैल वखारीत गवताच्या गाडीला जुंपून झाले होते. मी त्यानंतर त्या घरात किती वर्षं राहिले आणि नवऱ्याशी किती बोलले, ते इथं सांगायचं कारण नाही. मला पश्चात्ताप नाही. मला राग आहे, आणि तो अजून तसाच आहे.

पण त्या अंगणातलं शेवटचं राहिलं. गाडी फाटकाशी गेल्यावर गाडीवान तिच्यात बसला नाही. तो बैल घेऊन माझ्याकडे आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या तोंडावर एवढी माया होती की मला त्याला मारावंसं वाटलं.

"रडू नको, बाय," तो म्हणाला. "तुजी गाडी मी संभालीन. तुजा जीव किती हाय ते बघितलं मी. काल सकाली माजी बायको बी अशीच रडली, बैलांच्या गल्यात पडून. मारके हायेत बोलली, कोनाला देऊ नका बोलली."

मी मान हलवत होते, नाही, नाही, म्हणून. त्यानं माझा हात उघडला आणि त्यात दावं ठेवलं. मग उठता उठता थांबला, डाव्या बैलाच्या मागच्या पायावर हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"ह्याचा हा पाय पावसात दुखतो. चढाला ह्याला मारू नको. आधीच सांगितलेलं बरं. मागनं तू बोलशील, फसवलं."